'ड्रॅक्युला'चे नेपथ्य करण्याआधी
रेखाटने तूर्त बाजूला ठेवून ब्रॅम स्टोकर यांची १८९७ ची मूळ कादंबरी आधी सलग वाचावी, कारण चित्रपटांतला ड्रॅक्युला डोक्यात धरून रंगमंच उभा करणे ही नवशिक्यांची हमखास चूक असते. कादंबरीतला काउंट (सरदार) ड्रॅक्युला सुरुवातीला लांब पांढऱ्या मिशांचा म्हातारा आहे, पुढे तो तरुण दिसू लागतो आणि दिवसाढवळ्या लंडनमध्ये वावरतोही. उंच कॉलरचा झगा नंतरच्या नाट्यरूपांतरांनी रूढ केला. (स्टोकर स्वतः लंडनच्या लायसियम नाट्यगृहाचे व्यवस्थापक होते, हेही ध्यानात असू द्यावे.)

दुसऱ्या वाचनात एवढेच टिपावे:

- प्रत्येक प्रसंगाचे स्थळ आणि वेळ.
- कथा पुढे नेणाऱ्या वस्तू. काउंटच्या वाड्यात आलेला तरुण वकील हार्कर याच्या दाढीच्या आरशात काउंट दिसत नाही आणि पुढच्याच क्षणी तो आरसा खिडकीबाहेर भिरकावतो. रोजनिशा, तारा (टेलिग्राम), फोनोग्राफ (आवाज मुद्रित करणारे जुने यंत्र) यांतूनच कथा उलगडते, त्यामुळे या वस्तू केवळ शोभेच्या ठरत नाहीत.

धुके आणि रक्ताच्या युक्त्यांचा विचार सध्या नको. दिग्दर्शकाशी पहिली बैठक या टिपणांवरच करावी.