काल्पनिक राज्याच्या दरबारी भाषेचा इतिहास आणि तिच्या बोली खऱ्या वाटतील अशा कशा रचाव्यात?

तुम्ही लिहिलंय की तुमच्या कादंबरीतलं राज्य डोंगरातल्या घोडेस्वारांनी जिंकलं, त्यांची भाषा दरबारी झाली आणि पुढे तिच्या उत्तर, दक्षिण, पूर्व, पश्चिम अशा चार बोली झाल्या. जिंकण्याची गोष्ट झकास आहे. चार दिशांच्या चार बोली मात्र पट्टीनं आखल्यासारख्या वाटतात. दिशांनी बोली होतात, नाही असं नाही, पण दरबारी भाषा आधी फुटते ती वाड्याच्या आत. हुजुरापुढे उभा राहणारा एक बोलतो, दफ्तरात बसणारा दुसरं लिहितो आणि मुदपाकखान्यात तिसरंच ऐकू येतं.

मी बडोद्याचा. दांडिया बाजारात घर, घरात मराठी, उंबरठा ओलांडला की गुजराती. 1734 मध्ये बडोदं कायमचं गायकवाडांकडे आलं तेव्हापासून इथे दरबार मराठी आणि रयत गुजराती, म्हणजे तुमचंच राज्य म्हणा ना. त्या भरवशावर लिहितो.

पहिली गोष्ट, तुमच्या भाषेला दोन इतिहास द्या. एक घडलेला, एक दरबार सांगतो तो. दरबार कायम सांगणार की आमची भाषा शुद्ध आणि बाकीच्यांनी ती बिघडवली. वस्तुस्थिती बहुधा उलटी असते, कारण सगळ्यात जास्त उसने शब्द कारभारात येतात. आपलंच बघा. फडणीस, चिटणीस, पोतनीस, यांतला ‘नीस’ फारसी ‘नवीस’, म्हणजे लिहिणारा. शिवाजी महाराजांनी राजव्यवहारकोश, म्हणजे कारभारातल्या फारसी शब्दांना संस्कृत प्रतिशब्द देणारा कोश, करवून घेतला, पदांची नावं बदलली. पेशव्याचा मुख्य प्रधान झाला, मुजुमदाराचा अमात्य, सरनोबताचा सेनापती. आणि पुढे? अठराव्या शतकात कारभार कुणी केला म्हणून विचारलं तर आपण सगळे ‘पेशव्यांनी’ असंच म्हणतो. मुजुमदार तर आजही दारावरच्या पाटीवर आहेत. तेव्हा तुमच्या राजालाही असा एखादा कोश करू द्या, पण हुकूम निम्माच लागू पडू द्या. कुठला शब्द बदलला आणि कुठला चिवटपणे राहिला, यातच कादंबरीला खाद्य आहे. (बडोद्यानंही 1931 मध्ये सयाजीशासनशब्दकल्पतरु काढला. राज्यकारभारातल्या शब्दांचे निरनिराळ्या भाषांतले प्रतिशब्द त्यात समोरासमोर मांडलेत. जुन्या पुस्तकांच्या दुकानात दिसला तर सोडू नका.)

दुसरी गोष्ट, व्याकरण नंतर करा. आधी एकच शब्द घ्या आणि तो वाड्यातून फिरवून आणा. मी माझ्या एका अर्धवट राहिलेल्या कथेसाठी असा केला होता: ‘तुरेव’. डोंगरातल्या मूळ भाषेत अर्थ लगाम खेचणे. टोळीचा नाईक घोडा थांबवून निवाडा द्यायचा, म्हणून दरबारात ‘तुरेव’ म्हणजे मंजुरी. दफ्तरातले कारकून कागदाच्या तळाशी नुसतं ‘तु.’ लिहायला लागले, आणि दोन पिढ्यांत ‘कागदाचं तू झालं का?’ असं बोलायलाही लागले. मुदपाकखान्यात त्याचं ‘तोरं’ झालं. पंगतीत पानावर हात आडवा धरून ‘तोरं, तोरं’ म्हटलं की वाढप्यानं पुढे सरकायचं. आणि लांबच्या जहागिरीत शेतकरी अजून बैल थांबवताना ‘तुरेव’ ओरडतात. दरबारातून आलेले अंमलदार यावर तोंड दाबून हसतात: काय हे गावंढळ लोक, मंजुरीचा शब्द बैलाला वापरतात!

हे फार ताणलंय असं वाटलं तर ‘शिक्कामोर्तब’ आठवा. मोर्तब म्हणजे पत्र संपलं की शेवटी उठवायची छोटी मुद्रा. महाराजांच्या मोर्तबावर ‘मर्यादेयं विराजते’ असायचं, म्हणजे इथे मजकुराची हद्द संपली. आता मोर्तब कुणी बघितलेलं नसतं, पण वर्तमानपत्रात उमेदवाराच्या नावावर रोज शिक्कामोर्तब होतं.

अंमलदारांच्या त्या हसण्याचा मला घरचा अनुभव आहे. आमच्याकडे ‘संध्याकाळी फावेल का?’, म्हणजे जमेल का, असं सर्रास विचारतात. पुण्याची आतेबहीण एकदा म्हणाली, ‘अरे, हे तुमचं गुजराती झालं.’ गुजरातीत ‘फावशे’ आहे, कबूल. पण फावणे हे आपलं जुनं क्रियापद आहे, आणि ती स्वतः फावल्या वेळात काय काय करते ते त्याच वाक्यात सांगत होती! शेजारच्या भाषेचा आधार मिळाला म्हणून आमच्याकडे ते टिकलं असावं, असा माझा कयास. तुमच्या जहागिरीच्या बोलीत असे दोन-तीन शब्द पेरा: दरबार ज्यांना भ्रष्ट म्हणतो आणि जे खरं तर दरबारानंच टाकून दिलेत.

लिपीबद्दल विचारलंय, त्यात फार वेळ घालवू नका. मोडीसारखी हात न उचलता लिहायची लपेटदार लिपी आणि ती वाचू शकणारे मोजके कारकून, एवढ्यावर अर्धी कारस्थानं उभी राहतात.

शेवटी जनानखाना, जो तुमच्या आराखड्यात कुठेच नाही. 1880 मध्ये सयाजीराव महाराजांचं लग्न तंजावरच्या लक्ष्मीबाईंशी झालं, त्या पहिल्या चिमणाबाई. त्यांच्याबरोबर तंजावरहून नर्तकी आणि वादकही बडोद्याला आले. तंजावरलाही मराठ्यांचंच राज्य होतं, पण तिथली मराठी दोनशे वर्षं तमिळ आणि तेलुगूच्या शेजारात राहिलेली, इथली गुजरातीच्या. दोन मराठी एकाच वाड्यात समोरासमोर आल्या तेव्हा कोण कुणाला हसलं असेल, हा विचार माझ्या डोक्यातून जात नाही. तुमच्या राजाची धाकटी राणी किनाऱ्याकडची आहे असं तुम्ही ओझरतं लिहून सोडून दिलंय. तिच्याबरोबर आलेल्या दाया युवराजाला कुठल्या शब्दांत झोपवतात, तिथून पाचवी बोली सुरू करा. दरबारात ती बोलायची त्याला बंदी आहे, आणि राग आला की नेमकी तीच त्याच्या तोंडातून बाहेर पडते.