पब्लिक-की क्रिप्टोग्राफी ब्रिटिशांनी आधीच शोधली होती, तर मग श्रेय डिफी आणि हेलमनला का?

पब्लिक-की क्रिप्टोग्राफी म्हणजे आधी गुप्त किल्ली (कुलूपबंद मजकूर उघडणारा आकडा) न ठरवता, उघड्या मार्गावरूनही गुप्तपणे बोलण्याची पद्धत. ब्रिटिशांबद्दल तुम्ही म्हणता ते खरं आहे. जीसीएचक्यू या ब्रिटिश गुप्तहेर संस्थेत जेम्स एलिसने 1970 साली कल्पना मांडली, 1973 मध्ये तिथल्याच क्लिफर्ड कॉक्सने आरएसए या आज प्रसिद्ध असलेल्या पब्लिक-की पद्धतीसारखीच पद्धत शोधली. पण हे सगळं 1997 पर्यंत गुप्त राहिलं, त्यामुळे त्यावर बाहेरच्या कोणालाच पुढे काही रचता आलं नाही. डिफी आणि हेलमनचा 1976 चा निबंध जगाने वाचला, म्हणून श्रेय त्यांचं. त्यावर माझा काही आक्षेप नाही.

आक्षेप आहे तो राल्फ मर्कलला विसरण्यावर. हा वाद निघाला की एलिसचं नाव हिरिरीने घेणारे लोक मर्कलचं घेतच नाहीत. 1974 मध्ये बर्कलीत विद्यार्थी असताना त्याने एका विषयाच्या प्रकल्पासाठी हीच कल्पना मांडली. शिक्षकांना ती समजली नाही, म्हणून त्याने तो विषयच सोडला. 1975 मध्ये पाठवलेला लेख छापून यायला 1978 उजाडलं.

त्याची युक्ती पाहा. पाठवणारा दहा लाख कोडी बनवतो. प्रत्येक कोडं मुद्दाम कमकुवत किल्लीने बंद केलेलं, म्हणजे जास्तीत जास्त दहा लाख प्रयत्नांत फुटणारं. आत तीन गोष्टी: एक क्रमांक, एक भक्कम किल्ली आणि सगळ्या कोड्यांत सारखाच असलेला एक ठराविक मजकूर. हा मजकूर नसेल तर कोडं सुटलं की नाही हेच कळणार नाही. घेणारा कुठलंही एक कोडं उचलून फोडतो आणि आतला क्रमांक उघडपणे कळवतो. त्या क्रमांकाची किल्ली दोघांची. चोरून ऐकणाऱ्याला तो क्रमांक नेमका कुठल्या कोड्यात आहे हे माहीत नसतं. सरासरी पाच लाख कोडी, प्रत्येकी सरासरी पाच लाख प्रयत्न, म्हणजे 25,000 कोटी. मात्र क्रमांक कोड्यांच्या क्रमानेच दिले तर सगळंच मुसळ केरात, कारण क्रमांक ऐकताच कोडं सापडतं.

खोट अशी की कोडं शंभर बाइटचं धरलं तरी एका किल्लीसाठी शंभर एमबी पाठवावे लागतात, आणि चोराचं काम फक्त वर्गाच्या पटीत वाढतं. डिफी-हेलमनमध्ये दोन आकडे पुरतात. मूळ संख्या 29, पाया 2 घ्या. माझा गुप्त घातांक 5, तुमचा 12. 2 चा पाचवा घात 29 ने भागून उरलेली बाकी 3 मी पाठवतो, तसाच बाराव्या घाताचा 7 तुम्ही. 7 चा पाचवा घात आणि 3 चा बारावा घात, दोन्हींना 29 ने भागलं की बाकी 16 च उरते, तीच दोघांची किल्ली. खऱ्या वापरात मूळ संख्या निदान 2048 बिटची हवी.

2002 मध्ये खुद्द हेलमननेच या पद्धतीला मर्कलचंही नाव जोडावं असं सुचवलं. तेव्हा लिहिताना तिघांची नावं लिहा.

एक राहिलं: कोडी असोत वा घातांक, समोर कोण आहे हे यातून कळत नाही. मधला माणूस दोघांशी वेगवेगळी किल्ली ठरवून बसू शकतो. म्हणून कोडमध्ये नुसती किल्लीची देवाणघेवाण ठेवू नका, पाठवलेल्या आकड्यांवर डिजिटल सही घ्या आणि ती तपासा.