ऑइल पेंटमधले वीरगळ, माळ्यावरचे रुमाल

प्रश्न : आमच्या मारुतीच्या देवळामागे सात वीरगळ (लढाईत पडलेल्या वीरांचे कोरीव स्मृतिदगड) आहेत. दोन जीर्णोद्धारात ओट्याच्या सिमेंटमध्ये गेले, बाकीच्यांना दर यात्रेला ऑइल पेंट लागतो. गावच्या इतिहासावर बैठक बोलावली तर चारच जण आले, तेही निवृत्त. काय करावं? (एक वाचक, सातारा जिल्हा)

उत्तर : ‘गावचा इतिहास’ म्हटलं की चारच येणार. आपली भावकी आणि आपलं शेत यांचा विषय काढा, तीच माणसं तासभर हलत नाहीत. बैठक नको. यात्रेला पुण्या-मुंबईची मंडळी आलेली असतात तेव्हा पारावर गावाचा गटनकाशा पसरा आणि शेतांची जुनी नावं विचारत जा. सातबाऱ्यावर ‘शेताचे स्थानिक नाव’ असा रकाना असतो, बहुतेक वेळा कोराच. तो भरायला म्हातारी माणसं आपणहून पुढे येतात, आणि वीरगळ कुणाच्या वाटेवर होते हेही त्यातच निघतं.

मग त्यांना दगडापाशी न्या. वीरगळ खालून वर वाचतात : तळाला पडलेला वीर, त्यावर लढाई, मग त्याला स्वर्गात नेणाऱ्या अप्सरा, वरच्या चौकटीत शिवलिंगाची पूजा, माथ्यावर चंद्र-सूर्य. तळाशी गाई असतील तर तो गुरं सोडवताना पडला. एवढं कळलं की रंगाचा डबा घेऊन येणारा हात थोडा थबकतो. त्याच्याशी भांडू मात्र नका. वर्षातून एकदा तरी त्या दगडाकडे जाणारा तोच आहे.

रंग स्वतः काढू नका. तारेच्या ब्रशाने कोरीव कडा झिजतात, आत राहिलेले लोखंडाचे कण गंजून डाग पडतात. ॲसिड दगडच खातं. ते काम प्रशिक्षित संवर्धकाचं. तुम्ही एवढंच ठरवून घ्या, की पुढच्या यात्रेला रंगाचा नवा हात द्यायचा नाही. ज्या दगडाची पूजा चालू आहे, त्याच्या शेंदराला हात लावायचा नाही. ओट्यातले दोन पहारीने उचकटू नका. सिमेंट सुटण्याआधी दगडाचा कोपरा जातो.

नोंद मात्र याच महिन्यात करा. उंची, रुंदी, जाडी, तोंड कुठल्या दिशेला, लोक त्याला काय म्हणतात. फोटो दुपारी काढलात तर कोरीव काम सपाट दिसतं. अंधार पडल्यावर टॉर्च दगडाच्या कडेला, जवळजवळ चिकटवून धरा. रंगाखालची तलवारसुद्धा सावलीने उठून येते. खडू किंवा पीठ चोळू नका. दगडांची संख्या आणि जागेचा गट नंबर घालून ग्रामसभेत ठराव घ्या, प्रत राज्य पुरातत्त्व विभागाच्या तुमच्या विभागीय कार्यालयाला द्या. रस्ता रुंद होताना हाच कागद उपयोगी पडतो.

प्रश्न : माळ्यावर मोडी कागदांचे दोन रुमाल (कापडात बांधलेले गठ्ठे) सापडले. कसर लागली आहे. घरात कुणाला वाचता येत नाही. लॅमिनेशन करावं का?

उत्तर : अजिबात नको. उष्णतेने प्लॅस्टिक कागदात मुरतं, पुन्हा सुटत नाही. चिकटपट्टीही नको. ओल्या फडक्याने तर पुसूच नका. काजळीची शाई उन्हाने उडत नाही, पण पाण्याने पसरते. सावलीत उघडून मऊ, कोरड्या ब्रशाने धूळ झटका. ज्या क्रमाने निघतील त्याच क्रमाने कोपऱ्यात पेन्सिलीने आकडे घाला, कारण एका रुमालातले कागद बरेचदा एकमेकांशी निगडित असतात. दोन्ही बाजूंचे फोटो घ्या, शेरे पाठीमागे सापडतात. लाल कापडाचा रंग जात असेल तर खळ धुऊन काढलेल्या मांजरपाटात बांधा. डांबराच्या गोळ्या कागदांत घालू नका.

वर्ष शोधायला ‘अलफ’ (अरबीत हजार) हा शब्द हुडका. ‘समानीन मया व अलफ’ म्हणजे ८० + १०० + १०००, सुहूर सन (मोडी कागदांतली जुनी कालगणना) ११८०. त्यात ५९९ मिळवा : इ. स. १७७९. सन मृगाला बदलतो, म्हणून जानेवारी ते मेअखेरच्या कागदांना ६०० मिळवायचे.