झाडाझडती म्हणजे खरडपट्टी नव्हे

प्रश्न असा आला आहे: ‘लोकलेखा समितीने सचिवांची झाडाझडती घेतली, अशी बातमी वाचली. इथे झाडाझडती म्हणजे खरडपट्टीच ना? आणि ही समिती मंत्र्यांचीही झाडाझडती घेते का?’

खरडपट्टी? मुळीच नाही. हा अर्थ मथळे देणाऱ्यांनी गेल्या काही वर्षांत रूढ केला आहे आणि तो कानावर पडला की चीड येते. वरिष्ठाने कनिष्ठाला फैलावर घेतलं की झाडाझडती, सासूने सुनेला बोल लावले की झाडाझडती, प्रशिक्षक खेळाडूंवर ओरडला की झाडाझडती. यासाठी मराठीत खरडपट्टी आहे, हजेरी घेणं आहे, कानउघाडणी आहे. एवढे शब्द हाताशी असताना एका नेमक्या शब्दाची धार कशाला घालवायची?

पोलीस घेतात ती अंगझडती किंवा घरझडती सगळ्यांना ठाऊक आहे, ती सोडून देतो. खरी गंमत झडतीच्या दुसऱ्या अर्थात आहे. झडती हा हिशेबाचा शब्द आहे. आपण झाडतो तेव्हा जे पडतं ते झडतं. भरणे-भरती, गळणे-गळती, तशी झडणे-झडती. पेशवाईत परगण्याच्या जमाखर्चाचा वर्षारंभी बांधलेला अंदाज म्हणजे अजमास, आणि वर्ष सरल्यावर प्रत्यक्ष काय जमा झालं, काय खर्ची पडलं त्याचा हिशेब म्हणजे झडती. गावाचा असा हिशेब ती गावझडती. अठराव्या शतकातल्या मराठी गावांचा अभ्यास करणारे आजही या कागदांवर विसंबतात. पुण्याच्या पेशवे दफ्तरात ‘प्रांत अजमास’ नावाचा रुमालांचा, म्हणजे कापडात बांधलेल्या कागदांच्या गठ्ठ्यांचा, एक विभागच आहे. अजमास फारसीतून आला, अजमावणे त्याच घरातलं. झडती मात्र अस्सल आपली.

आता ‘झाडा’. काही कोशप्रेमी मंडळी सांगतात की झाडाझडतीतला झाडा हा नुसता नादासाठी आलेला जोडशब्द आहे, मारामारीतल्या ‘मारा’सारखा. हे मला अजिबात पटत नाही. ‘पैपैचा झाडा दे’ असं म्हणणारी माणसं ही मंडळी कधी भेटलीच नाहीत काय? झाडा म्हणजे तपशीलवार हिशेब, जाब. झाडा देतात, झडती घेतात. ज्याच्या हातून पैसा खर्च झाला त्याने झाडा द्यायचा आणि ज्याचा पैसा होता त्याने झडती घ्यायची, असे दोन पक्ष या एका शब्दात समोरासमोर बसलेले आहेत. माझं तर मत असं की हिशेबाचा अर्थ आधीचा आणि खिसे-ट्रंका तपासण्याचा नंतरचा. ज्यांना उलटं वाटतं त्यांनी दफ्तरातले कागद उलगडावेत, मग बोलावं.

आणि म्हणूनच लोकलेखा समितीच्या बातमीत हा शब्द चपखल बसतो, मथळा देणाऱ्याला ते माहीत असो वा नसो. सरकारी खर्चाचे हिशेब तपासणारी संसदेची ही समिती १९२१ पासूनची. १९५० पर्यंत तिचा अध्यक्ष सरकारचा अर्थ सदस्यच (आजच्या भाषेत अर्थमंत्री) असे, म्हणजे झाडा देणाराच झडतीच्या खुर्चीत. आज तिच्यात लोकसभेचे १५ आणि राज्यसभेचे ७ असे २२ सदस्य असतात, मंत्र्याला सदस्य होता येत नाही, आणि १९६७ मध्ये मिनू मसानी अध्यक्ष झाले तेव्हापासून अध्यक्षपद विरोधी पक्षाकडे देण्याची प्रथा आहे. कॅगचे (नियंत्रक व महालेखापरीक्षकांचे) अहवाल आणि विनियोजन लेखे, म्हणजे मंजूर रक्कम आणि प्रत्यक्ष खर्च यांचा ताळा, समोर ठेवून समिती विचारते: हा पैसा संसदेने ज्या कामासाठी मंजूर केला त्याच कामावर लागला का? खर्च करणाऱ्याला तसा अधिकार होता का? एका शीर्षाखालचा पैसा दुसरीकडे वळवला, ते पुनर्विनियोजन नियमाला धरून झालं का? मंजुरीपेक्षा जास्त खर्च झाला असेल तर कारण सांगा. सचिव साक्षीला येतात, कॅगच्या अहवालातला एकेक परिच्छेद निघतो, उत्तरं नोंदली जातात. पुढे समितीचा अहवाल सभागृहात येतो, त्यातल्या शिफारशींवर काय केलं हे सरकारने साधारण सहा महिन्यांत कळवायचं असतं, आणि त्या उत्तरावर समिती पुन्हा अहवाल देते. शिफारशी सरकारवर बंधनकारक नसतात. यात आवाज चढवण्याला जागा नाही. सगळा जोर कागदांवर.

खर्चाचे अंदाज तपासणारी अंदाज समिती ही तिची बहीण, १९५० ची, ३० सदस्य, सगळे लोकसभेचे. अंदाज आणि लेखा. म्हणजे अजमास आणि झडती! जोडी तयार होती. पण परिभाषा घडवताना कुणाला दफ्तराकडे वळून पाहावंसं वाटलं नाही आणि ‘लोकलेखा’ हा शब्द गळ्यात पडला. तो नुसता कोरडा असता तर मी काही बोललो नसतो, पण तो घोटाळ्याचाही आहे. अंदाजपत्रकात ‘लोकलेखा’ म्हणजे एकत्रित निधीबाहेरचा (सरकारच्या मुख्य खजिन्याबाहेरचा) वेगळा लेखा, ज्यात भविष्य निर्वाह निधी, ठेवी वगैरे रकमा येतात. समितीच्या नावात मात्र लोकलेखा म्हणजे सरकारचे एकूण हिशेब. स्पर्धा परीक्षांची मुलं इथे हमखास अडखळतात आणि त्यात त्यांचा काही दोष नाही. झडती समिती म्हटलं असतं तर खेड्यातल्या माणसालाही तिचं काम नावावरूनच कळलं असतं.

हो, मंत्र्यांचं राहिलं. लोकसभेच्या अर्थविषयक समित्या मंत्र्याला साक्षीला बोलावत नाहीत, त्यामुळे ‘लोकलेखा समितीकडून मंत्र्याची झाडाझडती’ असा मथळा दिसला तर शब्द नव्हे, बातमीच तपासा. अपवाद घडला तो दुसऱ्याच प्रकारच्या समितीत. रोखे गैरव्यवहारासाठी (हर्षद मेहता प्रकरण) १९९२ मध्ये नेमलेल्या संयुक्त संसदीय समितीने लोकसभा अध्यक्षांच्या परवानगीने अर्थमंत्र्यांना आणि आरोग्यमंत्र्यांना बोलावून घेतलं होतं. अर्थमंत्री तेव्हा मनमोहन सिंग होते.