वाचकांचे प्रश्न : हॉट सीटवर बसण्यापूर्वी

‘कौन बनेगा करोडपती’ आणि मराठीतील ‘कोण होणार करोडपती’ या कार्यक्रमांत भाग घेऊ इच्छिणाऱ्या वाचकांकडून गेल्या अंकात आम्ही प्रश्न मागवले होते. आलेल्या पत्रांपैकी चार पत्रांना येथे उत्तरे देत आहे. शाळा-महाविद्यालयांतील प्रश्नमंजूषांसाठी प्रश्न काढण्याचे काम मी अनेक वर्षे केले असून त्या अनुभवाच्या आधारेच हे लिहीत आहे. पत्रलेखकांच्या इच्छेनुसार त्यांची नावे छापलेली नाहीत.

प्रश्न : मी प्राथमिक शिक्षिका असून माझे वय 43 आहे. पुढच्या पर्वासाठी नोंदणी करायची या निश्चयाने स्पर्धा परीक्षांची चार जाड पुस्तके आणली आणि रोज दोन तास पाठांतर सुरू केले. परंतु आठ दिवसांपूर्वी पाठ केलेले निम्मे आज आठवत नाही. हे वयामुळे होत असेल का? तयारी नेमकी कशी करावी?
— एक शिक्षिका, चिपळूण

उत्तर : ताई, यात दोष वयाचा नसून पद्धतीचा आहे. एकमेकांशी नाते नसलेल्या हजार ओळी पाठ करायला घेतल्या, तर त्या विशीतल्या मुलाच्याही लक्षात राहत नाहीत. माहिती टिकते ती दुसऱ्या माहितीला धरून. बिहारमधील मोतिहारीचे सुशील कुमार यांनी 2011 मध्ये पाच कोटी रुपये जिंकले, तेव्हा त्यांना विचारलेला शेवटचा प्रश्न असा होता की, 1868 मध्ये निकोबार बेटांवरील हक्क इंग्रजांना विकून कोणत्या युरोपीय सत्तेने भारतातून आपला पाय काढून घेतला. उत्तर होते डेन्मार्क. हे उत्तर एक सुटी ओळ म्हणून पाठ करणारा ते महिन्याभरात विसरेल. पण तमिळनाडूच्या किनाऱ्यावरील तरंगमबाडी आणि बंगालमधील श्रीरामपूर ही डेन्मार्कची ठाणी होती, ती दोन्ही 1845 मध्ये इंग्रजांनी विकत घेतली आणि त्यानंतर निकोबार तेवढे उरले होते, अशी सगळी हकिकत ज्याने एकदा नकाशा समोर ठेवून वाचली आहे, त्याला पर्याय दिसताच उत्तर सापडते. म्हणून जाड पुस्तके टाकून देऊ नका, पण त्यांतील प्रत्येक ओळ नकाशावर, कालपट्टीवर किंवा एखाद्या गोष्टीत कोठे बसते, हे शोधल्याशिवाय पुढच्या ओळीकडे जाऊ नका. रोजचे वर्तमानपत्र आणि शाळेची पाचवी ते दहावीची इतिहास, भूगोल व विज्ञानाची पुस्तके या कामाला फार उपयोगी पडतात, आणि ती तर आपल्या हाताशीच आहेत.

हॉट सीटवर पोहोचण्याआधी ‘फास्टेस्ट फिंगर फर्स्ट’ ही फेरी पार करावी लागते, हे पुष्कळ जण तयारी करताना विसरतात. चार पर्याय योग्य क्रमाने लावायचे असतात आणि अचूक क्रम लावणाऱ्यांपैकी जो सर्वांत जलद असेल तो निवडला जातो. येथे एखाद्या गोष्टीचे अचूक वर्ष किंवा आकडा माहीत असण्यापेक्षा कोण आधी आणि कोण नंतर, कोण मोठे आणि कोण लहान, याची जाण अधिक कामाची असते. गोदावरी, कृष्णा, नर्मदा आणि तापी या चारही नद्या महाराष्ट्राशी संबंधित आहेत. त्या लांबीच्या उतरत्या क्रमाने लावा, असे सांगितले तर किती जणांना पटकन जमेल? क्रम हाच आहे : गोदावरी 1465 किलोमीटर, कृष्णा 1400, नर्मदा 1312 आणि तापी 724. त्याचप्रमाणे हैदराबाद मुक्तिसंग्रामाचा शेवट (1948), महाराष्ट्र राज्याची स्थापना (1960), गोवामुक्ती (1961) आणि कोयनेचा भूकंप (1967) या घटना उलटसुलट लिहून त्या घड्याळ लावून क्रमाने लावण्याचा सराव करावा. वर्गातील मुलांना सोबत घेऊन हा खेळ खेळलात तर त्यांचाही अभ्यास होईल.

आता या उत्तरातील सर्वांत महत्त्वाची गोष्ट. आपल्याला किती ठाऊक आहे यापेक्षा, जे ठाऊक आहे असे वाटते ते खरोखर किती ठाऊक आहे, हे कळणे त्या खुर्चीवर अधिक मोलाचे ठरते. याचा सराव करता येतो. शंभर प्रश्न घ्या आणि प्रत्येक उत्तरापुढे आपली खात्री शंभर, पंचाहत्तर, पन्नास की पंचवीस टक्के आहे ते लिहा. मगच उत्तरे तपासा. ‘पंचाहत्तर’ लिहिलेल्या वीस उत्तरांपैकी पंधरा बरोबर आली तर आपला अंदाज नेमका आहे. अकराच आली तर आपला आत्मविश्वास माहितीच्या पुढे धावतो आहे. माझ्या पाहण्यात हुशार विद्यार्थीसुद्धा पहिल्या वेळी येथेच चुकतात, आणि महिनाभर ही वही नेटाने ठेवली की त्यांच्यात स्पष्ट फरक दिसतो. भारताचा राष्ट्रीय खेळ हॉकी आहे असे कित्येक जण शंभर टक्के खात्रीने लिहितात. वास्तविक केंद्र सरकारने कोणत्याही खेळाला अधिकृतपणे राष्ट्रीय खेळ घोषित केलेले नाही. अशा ऐकीव गोष्टी या वहीतूनच उघड्या पडतात.

प्रश्न : माझे वडील एसटीतून वाहक म्हणून निवृत्त झाले. वाचन दांडगे आहे. फोनवरील फेरी आणि प्रत्यक्ष चाचणी त्यांनी पार केली आहे. घरी कार्यक्रम पाहताना उत्तर येत नसले तरी ते म्हणतात, “नशीब आजमावायला काय हरकत आहे?” आमच्यावर घराचे आठ लाखांचे कर्ज आहे. त्यांनी केव्हा थांबावे, हे त्यांना कसे समजावू?
— एक मुलगा, बार्शी

उत्तर : आपल्या वडिलांचे मनापासून अभिनंदन. त्यांना समजावण्याऐवजी त्यांच्या शेजारी कागद-पेन्सिल घेऊन बसा, कारण तिकिटांचा आणि रोकडीचा हिशेब ज्यांनी आयुष्यभर जुळवला, त्यांना हा हिशेबही लगेच कळेल.

रकमांची शिडी पर्वागणिक बदलते, म्हणून 2019 च्या हिंदी पर्वातील शिडी उदाहरणादाखल घेतो. त्यात दहाव्या प्रश्नाला 3 लाख 20 हजारांचा सुरक्षित टप्पा होता, म्हणजे पुढे उत्तर चुकले तरी एवढी रक्कम हाती राहत असे; त्यानंतर 6 लाख 40 हजार, साडेबारा लाख, 25 लाख, 50 लाख, एक कोटी आणि शेवटी सात कोटी. समजा, साडेबारा लाख हाती आहेत आणि 25 लाखांचा प्रश्न समोर आहे. उत्तर चुकले तर 9 लाख 30 हजार जातात, बरोबर आले तर साडेबारा लाख वाढतात. केवळ गणिताने पाहिले तर सुमारे 43 टक्के खात्री असली की उत्तर देणे फायद्याचे ठरते. 50 लाखांवरून एक कोटीकडे जाताना हाच आकडा सुमारे 48 टक्के होतो. एक कोटीवरून सात कोटींकडे जाताना मात्र तो अवघा 14 टक्के येतो, म्हणजे चार पर्यायांपैकी डोळे मिटून एक निवडला तरी गणित ‘खेळा’ असेच सांगते!

परंतु घर गणिताच्या सरासरीवर चालत नाही. ही सरासरी हजार वेळा खेळणाऱ्याच्या कामाची. आपले वडील एकदाच खेळणार आहेत. अमरावती जिल्ह्यातील अंजनगाव सुर्जीच्या बबिता ताडे शाळेत मुलांसाठी खिचडी शिजवण्याचे काम करीत होत्या. 2019 मध्ये त्या एक कोटी रुपयांपर्यंत पोहोचल्या आणि सात कोटींच्या प्रश्नावर त्यांनी खेळ सोडला. त्या वेळी वरचे गणित कोणी त्यांच्यापुढे मांडले असते तरी त्यांचाच निर्णय योग्य होता असे मी म्हणेन, कारण पहिला कोटी त्यांच्या संसाराला जे देणार होता, त्याच्या सहापट सुख पुढच्या सहा कोटींनी दिले नसते, आणि तो पहिला कोटी हातचा गेला असता तर ते दुःख मोजण्यापलीकडचे होते.

आपल्या घरापुरते बोलायचे तर पुढच्या प्रश्नाच्या उत्तरात सांगितलेला कर वजा जाता साडेबारा लाखांचे 8 लाख 60 हजार हाती येतात. कर्ज आठ लाखांचे आहे. म्हणजे या एका टप्प्यावर घर मोकळे होते आणि चुकल्यास 3 लाख 20 हजारांतून करानंतर जेमतेम 2 लाख 20 हजार उरतात. अशा ठिकाणी मी 43 टक्क्यांवर समाधान मानणार नाही. नव्वद टक्के खात्री नसेल तर थांबावे. त्याच्या आधी, म्हणजे सुरक्षित टप्प्याच्या अगदी वर असताना, वडिलांनी थोडे धाडस करायला माझी काहीच हरकत नाही. कोणत्या रकमेवर किती खात्री हवी, हे आकडे आजच, घरी, शांत मनाने लिहून ठेवा. दिवे, संगीत आणि समोर बसलेला सूत्रसंचालक यांच्यामध्ये असा निर्णय नव्याने घेणे भल्याभल्यांना कठीण जाते, आणि उत्तर एकदा लॉक झाले की ते बदलता येत नाही.

लाइफलाइनविषयी, म्हणजे अडल्यास खेळाडूला घेता येणाऱ्या मदतीविषयी, एवढेच सांगतो की, प्रेक्षकांचे मत लवकरच्या प्रश्नांना घ्यावे. शंभर प्रेक्षकांपैकी तिसांना उत्तर ठाऊक असेल आणि उरलेले सत्तर जण चार पर्यायांत सारखे विखुरले, तरी योग्य पर्यायाला सुमारे 47 मते आणि इतरांना प्रत्येकी सतरा-अठरा मते पडतात. त्यामुळे थोड्या जाणकारांमुळेही उत्तर स्पष्ट दिसते. कठीण प्रश्नाला मात्र जाणकार दोन-तीनच असतात, आणि राष्ट्रीय खेळासारख्या फसव्या प्रश्नाला सगळे मिळून चुकू शकतात. दोन चुकीचे पर्याय काढून टाकणारे ‘फिफ्टी-फिफ्टी’ दोन पर्यायांत घोटाळा होत असताना वापरले तर नेमके तेच दोन शिल्लक राहण्याची शक्यता असते, हेही वडिलांच्या ध्यानात आणून द्यावे.

प्रश्न : जिंकलेल्या रकमेवर कर किती लागतो? माझे इतर उत्पन्न करपात्र मर्यादेच्या खाली असेल तर सूट मिळते का?
— एक वाचक, नांदेड

उत्तर : सूट मिळत नाही. लॉटरी, शब्दकोडी आणि अशा खेळांतील बक्षिसांवर सरसकट 30 टक्के आयकर लागतो. करमुक्त मर्यादेचा, बचतीच्या वजावटींचा किंवा प्रवासखर्चाचा आधार या रकमेपुरता घेता येत नाही. त्यावर 4 टक्के उपकर असतो, आणि एकूण उत्पन्न 50 लाखांच्या वर गेले तर 10 टक्के अधिभारही लागतो. एक कोटीचे उदाहरण घ्या : कर 30 लाख, अधिभार 3 लाख, आणि या 33 लाखांवर उपकर 1 लाख 32 हजार, असे एकूण 34 लाख 32 हजार जातात. पुष्कळ जण येथे एक चूक करतात. रक्कम देताना उगमस्थानी 30 टक्केच कापले जातात, म्हणजे 70 लाख खात्यात येतात आणि ते सगळे आपले वाटतात. अधिभार व उपकराचे 4 लाख 32 हजार नंतर आपल्यालाच भरायचे असतात. ते बाजूला ठेवल्याशिवाय घर किंवा गाडी बुक करू नये.

प्रश्न : माझ्या मावशींना व्हॉट्सॲपवर निरोप आला की, त्यांच्या मोबाइल क्रमांकाला ‘केबीसी’ची 25 लाखांची लॉटरी लागली आहे. सोबत अमिताभ बच्चन यांचे छायाचित्र आणि शिक्का मारलेले प्रमाणपत्र होते. ‘प्रक्रिया शुल्क’ म्हणून मावशींनी बारा हजार रुपये पाठवले, आता कराचे म्हणून आणखी तीस हजार मागत आहेत. पाठवावेत का?
— एक वाचक, वेंगुर्ले

उत्तर : एक रुपयाही पाठवू नका. हे उत्तर मी आपल्याला पत्र मिळताच दूरध्वनीवरून कळवले आहे. इतरांसाठी येथे छापत आहोत. या कार्यक्रमाची अशी कोणतीही लॉटरी नाही. कार्यक्रमात शिरण्याचा मार्ग स्वतः नोंदणी करणे, फोनवरील फेरी, प्रत्यक्ष चाचणी व मुलाखत आणि शेवटी ‘फास्टेस्ट फिंगर फर्स्ट’ हाच आहे. न खेळता बक्षीस कोणालाही मिळत नाही. खऱ्या बक्षिसातून कर कापून उरलेली रक्कम दिली जाते, कर आधी मागून घेतला जात नाही. हे निरोप पुष्कळदा +92 या परदेशी संकेतांकाच्या क्रमांकावरून येतात आणि पोलिसांनी याविषयी वारंवार सावध केले आहे. पैसे ज्या खात्यात गेले त्याचा तपशील, निरोपांची छायाचित्रे आणि व्यवहाराचा क्रमांक जपून ठेवा, मावशींच्या बँकेला कळवा आणि सायबर फसवणुकीसाठीच्या 1930 या मदत क्रमांकावर तक्रार नोंदवा. तक्रार जितकी लवकर होईल तितकी रक्कम पुढे सरकण्याआधी गोठवली जाण्याची शक्यता अधिक असते. घरातील कोणीही मावशींना बोल लावू नये. लाजेपोटी चार दिवस गप्प राहिल्यामुळेच पुष्कळांचे पैसे कायमचे गेले आहेत.