बेटावरचा पहिला हिवाळा

बेटावरच्या पहिल्या हिवाळ्यात बोट बंद राहण्याची धास्ती घेऊ नका. आठवडाभराचा शिधा, औषधे आणि इंधन आधीच भरून ठेवा, म्हणजे वादळाचे दिवस कोंडल्यासारखे न जाता निवांत जातील. समुद्र उन्हाळ्यात साठवलेली उष्णता सावकाश सोडतो, त्यामुळे थंडी मुख्य भूमीपेक्षा सहसा सौम्य असते. बोचतो तो वारा. तो पडला की ओहोटीच्या वेळी किनाऱ्यावर अवश्य जा, कारण ओल्या वाळूवरची पक्ष्यांच्या पावलांची नक्षी तेव्हा कोणीही तुडवलेली नसते. पर्यटक परतलेले, दिवे मोजकेच आणि डिसेंबरच्या काळोखात मृग नक्षत्रापाठोपाठ उगवलेला व्याधाचा तारा लखलखणारा, अशी रात्र मला सर्वांत प्रिय आहे. शेजाऱ्यांकडेही निःसंकोच जाऊन बसा. या दिवसांत गप्पा आवरायची घाई कोणालाच नसते.