तिला नोकरी सोडायला सांगू नका

ताई, मैत्रिणीला नवरा मारतो, महिनाभरात तिच्या चार रजा झाल्या, म्हणून ‘घरचं निवळेपर्यंत नोकरी सोड’ असं तिला सांगावं का, असं तुम्ही विचारलंय. कृपा करून सांगू नका. घराबाहेरची माणसं आणि स्वतःचा पैसा, दोन्ही तिला नोकरीमुळेच मिळतं.

मारहाणीच्या जोडीला नोकरीवरही घाला घातलेला असतो. मुलाखतीच्या सकाळी गाडीची किल्ली सापडत नाही. महत्त्वाच्या मीटिंगच्या आदल्या रात्री भांडण उकरून काढलं जातं, पहाटेपर्यंत झोपू दिलं जात नाही. मुलांना सांभाळायचं कबूल केलेलं असतं, आणि ऐन वेळी नकार. ऑफिसला दिसतं ते एवढंच, की बाई उशिरा येते, कॅमेरा बंद ठेवते. ठपका तिच्यावर बसतो.

ती परदेशात डिपेंडंट व्हिसावर, म्हणजे नवऱ्याच्या व्हिसाच्या आधारावर, असेल तर ‘परत पाठवीन’ ही धमकीही असते. अमेरिकेत एच-४ वर (एच-१बीसारख्या कामाच्या व्हिसावरच्या माणसाच्या जोडीदाराला मिळणारा व्हिसा) असलेल्या पीडित पत्नीला आय-७६५व्ही फॉर्म भरून स्वतःच्या नावाने वर्क परमिट मागता येतं. त्यावर नवऱ्याची सही लागत नाही. न्यूझीलंडमध्ये २०१९ पासून आणि ऑस्ट्रेलियात २०२३ पासून घरगुती हिंसेच्या कारणासाठी वर्षाला १० दिवसांची पगारी रजा कायद्याने मिळते. तुमच्या देशातला नियम तिथल्या महिला हेल्पलाइनला किंवा इमिग्रेशन वकिलाला विचारा. मात्र फोन तुमचा वापरा, तिचा तपासला जात असेल.

पासपोर्ट आणि डिग्रीच्या प्रती तिची इच्छा असेल तर तुमच्याकडे ठेवा. पगाराचं खातं वेगळं करायची घाई मात्र नको. पैसा हातातून जातोय हे कळलं की मारहाण वाढू शकते. ते कधी आणि कसं करायचं हे तिने हेल्पलाइनच्या समुपदेशकाशी बोलून ठरवावं.

आणि महाराष्ट्र मंडळातले ‘आम्ही दोघांनाही ओळखतो’ म्हणतात, आई फोनवर ‘सांभाळून घे’ म्हणते, तेव्हा ती एकटी पडते. याचं मला फार वाईट वाटतं. तुम्ही तिसऱ्या सल्लागार होऊ नका. ‘काही लागलं तर सांग’ असंही म्हणू नका, ती सांगणार नाही. तिला विचारा, ‘मंगळवारी मुलांना शाळेतून मी आणू की गुरुवारी?’